एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी: कॅन्सरकडे नेणाऱ्या दोन वाटा

डिचोलीच्या वहिनींनी विचारलं, "भावोजी, बाळाला जन्मल्याबरोबर काविळीची लस दिली. आता मोठीला कॅन्सरची घ्या म्हणतात. दोन्ही कॅन्सरच्याच?" होय, दोन्ही कॅन्सर टाळतात: बाळाची लस यकृतावर हल्ला करणाऱ्या हिपॅटायटिस बी या विषाणूवर, मोठीची एचपीव्हीवर, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरसवर. पण त्या विषाणूंची चाल वेगळी.

एचपीव्ही थेट पेशीच्या कारभारात हात घालतो. त्याचं ई६ हे प्रथिन पी५३ चा नाश घडवून आणतं, म्हणजे बिघडलेल्या पेशीला अडवणारा पहारेकरीच जातो. ई७ दुसरा लगाम, आरबी, निकामी करतं आणि पेशी विभागत सुटते. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमागे एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार असतात. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातो. टिकला तर धोका, तोही सहसा बऱ्याच वर्षांनी. तपासणीला एवढा अवधी मिळतो, याचं मला फार मोल वाटतं.

हिपॅटायटिस बी मुख्यतः झिजवत नेतो. यकृतात वर्षानुवर्षं दाह, पेशी मरतात, नव्या होतात, प्रत्येक विभाजनात चुकीला वाव. शिवाय त्याचा डीएनए यकृतपेशीच्या डीएनएत शिरतो. प्रौढाला झाला तर बहुधा बरा होतो; तान्ह्याला झाला तर सुमारे ९० टक्के वेळा मुक्कामच ठोकतो. म्हणून पहिला डोस २४ तासांत.

मोठी अकरा वर्षांची, लसीसाठी अगदी योग्य वय. "आणि वहिनी, तुमची गर्भाशयमुखाची तपासणी?" त्या गप्प झाल्या. येत्या सोमवारी आम्ही तपासणीसाठी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातोय.