रिमोटचा पंखा: नवा घ्यायचा की जुन्यालाच किट बसवायचं?

कोल्हापुरात भर उन्हाळ्यातही पहाटे हवा गार होते. रात्री पाचवर लावलेला पंखा तेव्हा दोनवर आणावासा वाटतो, आणि रिमोटची खरी गरज तिथंच आहे. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर जास्तच. त्यासाठी दोन रस्ते आहेत: अख्खा नवा बीएलडीसी पंखा (सर्किटवर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा), नाहीतर आहे त्या पंख्याला रिमोटचं किट. (वायफायचा स्विच हा तिसरा. पण झोपेत मोबाइल चाचपडून ॲप उघडायचं असेल तर उठून रेग्युलेटर फिरवलेला काय वाईट?)

आधी पैशाचं. किट साधारण पाचशे ते हजारात येतं, बरा बीएलडीसी अडीच ते साडेतीन हजारात. पण साधा 1200 मिलिमीटरचा पंखा फुल स्पीडला 75 वॉटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी 30च्या आसपास. रोज 12 तास चालला तर महिन्याला सोळाएक युनिटांचा फरक पडतो. युनिटला 8 रुपये धरले तरी सव्वाशेच्या वर. वर्षात आठ महिने पंखा चालणाऱ्या घरात वरचे पैसे दोन-अडीच वर्षांत निघतात. कमी स्पीडवर चालवत असाल तर थोडा जास्त वेळ लागेल. पाहुणे आले तरच लागणाऱ्या खोलीत मात्र ते कधीच निघायचे नाहीत. तिथं किटच बरं.

घरात इन्व्हर्टर असेल तर पारडं बीएलडीसीकडं झुकतं. पावसाळ्यात लाइट गेली की तीच बॅटरी जास्त वेळ पुरते, आणि स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर साधा पंखा जसा घूं घूं आवाज करतो तसा हा सहसा करत नाही.

आता दुरुस्ती. इथं मला जुना पंखा उजवा वाटतो. त्यात बिघडून बिघडून काय बिघडणार? कंडेन्सर, बेअरिंग, वाइंडिंग. कंडेन्सर गल्लीतला वायरमन उभ्या उभ्या बदलतो, आणि शेतीपंपांच्या या जिल्ह्यात मोटर भरून देणारा शोधावा लागत नाही. किट जळालं तर ते काढून पंखा परत रेग्युलेटरवर घेता येतो. बीएलडीसीचं सर्किट गेलं तर मात्र कंपनीच्या माणसाची वाट बघायची. म्हणून घेताना पाकिटावरच्या स्टारइतकंच हेही बघा: सर्व्हिस कोल्हापुरात मिळते का, आणि वॉरंटी मोटरइतकीच सर्किटलाही आहे का? दुकानदार बहुतेक वेळा एकच आकडा सांगतो.

किटमध्येही दोन जाती. एक पंख्याच्या वरच्या वाटीत बसतं. जुन्या पंख्यांची वाटी कधी कधी इतकी लहान असते की ते मावतच नाही, तेव्हा माप घेऊन जा. दुसरं बोर्डात रेग्युलेटरच्या जागी बसतं. ते इन्फ्रारेडवर चालणारं असेल तर रिमोट बोर्डाकडं रोखावा लागतो. बोर्ड दाराआड असेल तर ते बिनकामाचं. स्वस्त किटवर कमी स्पीडला पंखा गुणगुणतो, म्हणजे नेमका पहाटे. आणि एक प्रश्न दुकानातच विचारा: लाइट जाऊन आली की पंखा आधीच्या स्पीडवर सुरू होतो की बंदच राहतो? बंद राहणारं किट डासांच्या सोयीचं.

माझं मत विचाराल तर आईवडिलांच्या खोलीत आणि हॉलमध्ये बीएलडीसी लावा. रिमोटवर टायमर असलेला घेतला तर पहाटे हातही हलवायला नको. बाकी खोल्यांतले पंखे चांगले फिरत असतील तर ते मोडीत काढू नका.

बसवताना वायरमनजवळ उभं राहा. बीएलडीसीला रेग्युलेटर चालत नाही. तो मधून काढून लाइन स्विचवरून थेट द्यावी लागते. वाटीतल्या किटलाही तेच. जुन्या पेठांतल्या उंच छताच्या घरात पंख्याबरोबर आलेली दांडी तोकडी पडते, म्हणून लांब दांडी त्याच कंपनीची आणि पंखा घेतानाच मागून घ्या.