कृष्णधवल प्रिंट टिकवायची असेल तर: शाई कोणती, कागद कोणता?

रंगीत फोटोतला निळा थोडा उडाला तरी सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. करड्या रंगात मात्र हिरवट किंवा गुलाबी झाक शिरली, की नजर तिथेच अडखळते. त्यामुळे इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या कृष्णधवल प्रिंटच्या बाबतीत ‘ती किती वर्षांनी फिकी पडेल’ एवढंच विचारून भागत नाही. तिच्यातलं सगळ्यात आधी काय बदलेल, हे पाहावं लागतं. शाई आणि कागद दोन्ही याच कसोटीवर घासून घ्या.

डाय की पिग्मेंट, हा वाद इथे लवकर मिटतो. डाय शाईतला रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, त्यामुळे प्रकाश आणि हवेतला ओझोन त्याच्या रेणूंपर्यंत सहज पोचतात. पटकन सुकणाऱ्या सच्छिद्र लेपाच्या कागदावर तर ओझोनला मोकळं रानच मिळतं. पिग्मेंटमध्ये रंगाचे सूक्ष्म कण असतात, आणि कणाचा पृष्ठभाग झिजला तरी आतला भाग शाबूत राहतो. अल्बममध्ये मिटून ठेवायच्या प्रिंटसाठी चांगली डाय शाई चालून जाईल. चकचकीत कागदावर ती दिसतेही मोहक. भिंतीवर लावायची असेल तर तिचा विचार सोडा.

खरी निवड पुढे आहे: प्रिंटर कंपनीचा अनेक करड्या शाया असलेला पिग्मेंट संच, की निव्वळ कार्बनची शाई?

एप्सनने 2005 मध्ये अल्ट्राक्रोम के-3 ही पिग्मेंट शाई आणली, तिच्यात काळ्याच्या तीन तीव्रता होत्या. कॅननच्या मोठ्या फोटो प्रिंटरमध्येही काळ्याबरोबर करड्या शाया असतात. या संचांवर नेहमीच्या रंगीत मोडमध्ये छापलं, तर करडा बनवायला सायन, मॅजेंटा आणि पिवळा बराच वापरला जातो. हे तिन्ही सारख्या वेगाने उडत नाहीत, आणि छटा बिघडते ती तिथेच. एप्सनचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ मोड मुख्य भार काळ्या-करड्या शायांवर टाकतो आणि रंग फक्त छटा सावरण्यापुरता घेतो. कॅननच्या ड्रायव्हरमध्येही कृष्णधवल मोड आहे. टिकाऊपणासाठी एक पैसा जास्त न खर्चता करता येण्यासारखं काही असेल तर हेच, आणि नेमकं तेच अनेकजण करत नाहीत. याच मोडमध्ये गडद सेपिया छटा निवडली, की पिवळा पुन्हा मागच्या दाराने आत येतो, एवढं लक्षात असू द्या.

कार्बनची गोष्ट वेगळी. काजळीच्या शाईने लिहिलेली हस्तलिखितं शतकांनंतरही काळी दिसतात, कारण कार्बनवर प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होतच नाही. पिझोग्राफीसारख्या पद्धतीत रंगीत शायांच्या जागी काळ्याच्याच सात छटांपर्यंत भरता येतात, आणि क्वाडटोन-रिपसारखं सॉफ्टवेअर त्यांचं प्रमाण ठरवतं. सावलीपासून उजेडापर्यंतचे टप्पे फार हळुवार उतरतात. पण निव्वळ कार्बनचा मूळ कल उबदार, तपकिरीकडे झुकणारा असतो. तो तटस्थ करायचा तर त्यात रंगीत पिग्मेंट मिसळावंच लागतं आणि कच्चा दुवा परत येतो. म्हणजे उबदार करडा मनापासून आवडत असेल, तरच कार्बनचा पूर्ण फायदा पदरात पडतो. शिवाय एक प्रिंटर त्यालाच वाहून टाकावा लागतो, शाईतले कण तळाशी बसतात, नोझल तुंबतात, आणि चकचकीत कागदावर वरून ग्लॉसचा आणखी एक हात द्यावा लागतो. महिन्याला दोन-चार प्रिंट काढणाऱ्यासाठी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आता कागद. आरसी (रेझिन-कोटेड) कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो. नमुना प्रिंटसाठी ठीक. टिकाऊ कामासाठी अल्फा सेल्युलोज (शुद्ध केलेला लाकडाचा लगदा) किंवा शंभर टक्के कापसाचा कागद घ्यावा, दोघांत कापूस सरस. ‘आम्लमुक्त’ या शिक्क्यावर मात्र विसंबू नका, कारण ब्राइटनरबद्दल तो काहीच सांगत नाही. ऑप्टिकल ब्राइटनर अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतात आणि कागद शुभ्र भासतो. काळाबरोबर त्यांचा जोर ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. फोटोतले उजळ भाग म्हणजे कोरा कागदच, त्यामुळे शाई जागच्या जागी असूनही प्रिंट बदललेली वाटते. तपासणी सोपी आहे: अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळा चमकला, तर ब्राइटनर आहे.

एप्सनचे हॉट प्रेस ब्राइट आणि हॉट प्रेस नॅचरल शेजारी ठेवून पाहा. दोन्ही कापसाचे, पहिल्यात ब्राइटनर आहे, दुसऱ्यात नाही. सुरुवातीला ब्राइट जास्त देखणा वाटेल. तरीही नॅचरल घ्या. त्याचा किंचित मलईदार पांढरा दोन दिवसांत नजरेला सवयीचा होतो.

मॅट की बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेला चमकदार कागद), हा प्रश्न टिकाऊपणापेक्षा दिसण्याचा आहे. मॅटवर काळ्याची घनता (आकडा जितका मोठा, तितका काळा गडद) साधारण 1.6 ते 1.7 पर्यंत जाते, बरायटा किंवा तशाच चमकदार कागदावर 2.2 च्याही वर. रात्रीची दृश्यं आणि खोल सावल्या असतील तर हा फरक जाणवतोच. काचेमागे गेल्यावर तो बराच कमी होतो. चमकदार हवा असेल आणि ब्राइटनर नको असेल, तर कॅन्सनचा प्लॅटिन फायबर रॅग, चौरस मीटरला 310 ग्रॅमचा, कापसाचा, माझी पहिली पसंती. त्यावर फोटो ब्लॅक, म्हणजे चमकदार कागदासाठीची काळी शाईच वापरावी. मॅट कागदासाठीची मॅट ब्लॅक तिथे नीट बसत नाही, हाताला लागते. उलट मॅट कागदावर ओरखडे चटकन उठतात, म्हणून ती प्रिंट नुसत्या हातांनी फार हाताळू नये.

प्रयोगशाळांचे आकडे वाचताना त्यामागची गृहीतकंही बघा. प्रिंटचं आयुष्य तपासणाऱ्या विल्हेल्म इमेजिंग रिसर्चची ‘इतकी वर्षं’ ही दिवसाला 12 तास 450 लक्स प्रकाश धरून काढलेली असतात. खिडकीसमोरच्या भिंतीवर उजेड याच्या कितीतरी पट असू शकतो.

एकदम सरळ निवड विचाराल तर: कंपनीची पिग्मेंट शाई, कृष्णधवल मोड, ब्राइटनर नसलेला कापसाचा कागद. कार्बनकडे वळायचं ते उबदार छटेच्या ओढीने आणि नियमित छपाई असेल तर. छापून झाल्यावर प्रिंट लगेच काचेआड घालू नका. शाईतले ग्लायकॉलसारखे द्रव उडायला वेळ घेतात आणि काचेच्या आतून धुरकट थर धरतो. किमान एक दिवस उघडी ठेवा, मग साधा कोरा कागद वर अंथरून आणखी काही दिवस, आणि तो कागद दमट किंवा लहरदार झाला तर बदला.