द टीनेजर्स फीचरिंग फ्रँकी लायमन : अर्ध्या तासाचा अल्बम, पण चुकवू नका

१९५६ चा हा अल्बम आहे, बारा गाणी, अर्ध्या तासात संपतो, आणि डू-वॉप, म्हणजे वाद्यांपेक्षा आवाजांच्या ताळमेळावर उभं असलेलं ते अमेरिकन गटगायन, नेमकं काय ते कोणाला ऐकवायचं असेल तर मी आधी हाच लावतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली पाच शाळकरी पोरं, तिघं कृष्णवर्णीय आणि दोघं पोर्तो रिकन, आणि पुढे गाणारा फ्रँकी फक्त १३ वर्षांचा!

'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' तर ऐकाच. सुरुवातीलाच शर्मन गार्न्सचा खर्जातला आवाज येतो, मग बाकीचे आणि त्यावर फ्रँकी असा काही चढतो की अंगावर काटा येतो राव, मध्ये सॅक्सोफोनचा तुकडा आहे तोही जबरदस्त. अमेरिकेत पॉप चार्टवर सहावा नंबर आणि इंग्लंडमध्ये थेट पहिला. सगळे फ्रँकीचंच कौतुक करतात, पण माझ्या मते खरी मजा मागच्या चौघांत आहे, 'आय वाँट यू टू बी माय गर्ल' ऐकताना फक्त त्यांच्याकडे लक्ष द्या, मग कळेल मी काय म्हणतोय ते. संथ गाणी मात्र सगळी सारखी जमलेली नाहीत, 'प्लीज बी माइन' छान आहे, बाकी एक-दोन नुसती जागा भरायला घेतल्यासारखी वाटतात.

वाईट याचं वाटतं की हे सगळं जेमतेम दीड वर्ष टिकलं. १९५७ मध्ये लंडनच्या पॅलेडियम थिएटरमध्ये गाऊन आले आणि त्याच वर्षी फ्रँकीला वेगळं काढून सोलो केलं. 'गुडी गुडी' या गाण्यावर नाव ग्रुपचं आहे पण ती पोरं त्यात गातच नाहीयेत, आणि ते कानाला लगेच कळतं, सगळं गुळगुळीत, मागे तो जिवंतपणाच नाही. पुढे फ्रँकीचा आवाज फुटला, हेरॉइनचं व्यसन लागलं आणि १९६८ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. ग्रुपमधल्या हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट यांना 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह'चे लेखक म्हणून १९९२ मध्ये कोर्टाने मान्यता दिली, पण १९९६ मध्ये वरच्या कोर्टाने दावा मुदतीत केला नाही म्हणून तीही काढून घेतली. या गोष्टीचा मला अजून राग येतो. १९८१ मध्ये अमेरिकन गायिका डायना रॉसने हेच गाणं गाऊन पुन्हा हिट केलं, म्हणजे गाण्यात किती दम होता बघा.

आधी अल्बम पूर्ण ऐका, 'गुडी गुडी' नंतर, म्हणजे फरक कळेल. आणि मोबाईलच्या स्पीकरवर नको, चांगले हेडफोन लावा, नाहीतर शर्मनचा बेस अर्धा ऐकूच येत नाही.