खुराड्यात साप येते: काठी, गोळ्या, सर्पमित्र का जाळी?

मृग बरसला की बिळात पाणी शिरते, साप वर येते अन् मंग गावात दर दोन दिवसांनी कोणाच्या तरी घरून आरोळी. आमच्या इकडे यवतमाळ-दारव्हा भागात ज्याच्या घरी कोंबड्या त्याचा प्रश्न ठरलेला, अंडी जाऊन राहिली, पिल्लं जाऊन राहिली, काय करू? मी तीन पावसाळ्यात यातलं बरंचसं करून पाहिलं, काही पैसे पाण्यातही घातले, म्हणून लिहून राहिलो.

पहिले चोर कोण ते तर पाहा बाप्पा. साप फाडत नाही, तोडत नाही, अख्खं गिळते. कोंबडीची मान तुटलेली, पिसं सांदवाडीभर, रक्त सांडलेलं, तर ते मुंगूस किंवा रानमांजर. अंडं गेलं पण टरफलं पडलेली, तरी मुंगूस किंवा घूस. अंडं गेलं अन् मागे टरफलाचा तुकडाही नाही, किंवा मोठी कोंबडी मेलेली पण डोकं-मान ओली चिकट, म्हणजे गिळायला गेला अन् जमलं नाही म्हणून टाकून गेला, तर मंग साप. शेजारच्या काकूनं महिनाभर नागाला शिव्या दिल्या अन् निघालं मुंगूस. भरदुपारी अंडं गेलं तर धामणही असू शकते, ती दिवसाच फिरते, पण पिल्लांचा अन् अंड्यांचा मोठा गिऱ्हाईक नाग. मण्यारला तुमच्या अंड्यांचं घेणं-देणं नाही, ती रात्री निघते अन् दुसरे साप, उंदीर, पाली खाते. तिची भीती कोंबड्यांना नाही, खाली सतरंजीवर झोपणाऱ्या माणसाला आहे.

आता काठी का सर्पमित्र. काठी फुकट अन् हाताशी, मला समजते, घरात लेकरं असली की डोकं चालत नाही. पण मारायला जवळ जावं लागते अन् माणूस तिथंच चावून घेते. घोणस, आमच्याकडे परड म्हणतात, जाड अन् सुस्त दिसते, लोक अजगराचं पिल्लू समजून पायानं सरकवायला जातात, अन् ती उसळून चावते. दुसरं म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप मारणं गुन्हा आहे. अन् तिसरं, मारले जाणारे बरेचसे बिचारे बिनविषारी, धामण, तस्कर, कवड्या. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक अन् शेपटीकडे फिके, मण्यारचं उलटं, मानेकडे नसल्यासारखे अन् शेपटीकडे ठळक. पण हे दिवसा फोटोत पाहायला ठीक, रात्री टॉर्च घेऊन पट्टे मोजत बसू नका, पट्टे दिसले की मण्यारच समजा अन् मागे सरका.

सर्पमित्र बोलावला तर साप जिवंत जाते, तुमचा हातही वाचते. नंबर आधीच लिहून ठेवा, नाही तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. तो येईपर्यंत एका माणसानं लांबून सापावर नजर ठेवायची, कुत्रं बांधायचं, पोट्टे घरात कोंडायचे, नाही तर तो येते तेव्हा साप गायब अन् रात्रभर कोणाला झोप नाही. गळ्यात नाग घालून रील काढणाऱ्याला मात्र बोलावू नका. अन् त्याच्या गाडीच्या पेट्रोलचे पैसे द्या हो, लोक चहावरच भागवतात. पण सर्पमित्राला मर्यादा आहे, तो साप नेते, भोक नाही बुजवत. पुढच्या आठवड्यात त्याच भोकातून दुसरा.

मंग लोक गोळ्या-औषधाकडे वळतात. मीही वळलो होतो. डांबर गोळ्या, फिनाइल, कार्बोलिक ॲसिड, गंधक, लसणाचं पाणी, सगळ्याचं म्हणणं एकच की वासानं साप पळते. माझ्या खुराड्याच्या चारही कोनट्यात डांबर गोळ्या होत्या अन् नाग त्यांच्या बाजूनंच आत गेला. वास पहिल्या पावसात धुऊन जाते, अन् असला तरी उंदरामागे लागलेला साप त्यासाठी थांबत नाही. ॲसिड तर ठेवूच नका, कातडी भाजते. गोळ्या लहान लेकरू तोंडात घालते अन् त्यानं रक्तातल्या पेशी फुटतात, कोंबडीही टोचून पाहते. स्वस्त दिसते पण दर पावसाळ्यात पुन्हा घ्या, त्या हिशेबात जाळीच स्वस्त.

जाळीवर मात्र नीट थांबा, कारण जाळी-जाळीत फरक आहे अन् मी इथंच फसलो. दुकानात कोंबडी जाळी म्हणून षटकोनी भोकाची मिळते, स्वस्त, वजनाला हलकी, तीच मी लावली होती. ती कोंबडीला आत ठेवायला आहे, सापाला बाहेर ठेवायला नाही. आषाढातली गोष्ट, सकाळी दार उघडलं तर दोन पिल्लं कमी अन् नाग आतच, रिकाम्या पोटी भोकातून आत आलेला, आता पोट फुगल्यानं त्याच भोकातून निघता येईना, अर्धा आत अर्धा बाहेर अन् फणा काढून बसलेला. सर्पमित्रानं तार कापून सोडवला. मच्छी पकडायची नायलॉन जाळी त्याहून वाईट, खवले अडकून साप गुरफटते, जिवंत विषारी साप जाळ्यात लटकलेला, सोडवणार कोण?

वेल्डमेश घ्या, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली कडक जाळी, चौकोनी, अर्धा इंच भोकाची, गॅल्वनाइज्ड. कोंबडी जाळीपेक्षा महाग आहे, एकदम नसेल जमत तर खालचे दोन-अडीच फूट आधी करा, पण वरचं मोकळं ठेवून निवांत राहू नका, धामण अन् नाग दोघंही चढतात. अर्ध्या इंचातून सापाचं अगदी लहान पिल्लू जाऊ शकते, ते काही कोंबडीचं पिल्लू गिळत नाही, पण नागाचं पिल्लू जन्मापासूनच विषारी अन् अंडी काढायला हात तुम्हीच घालणार. म्हणून ज्यांच्याकडे लेकरं अंडी गोळा करतात त्यांनी खालच्या दोन फुटाला पाव इंचाची लावावी. जाळी जमिनीत वीतभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवायची म्हणजे घूस उकरत नाही. काहून म्हणाल तर साप स्वतः बीळ पाडत नाही, घुशीच्या तयार बिळातूनच येते. अन् इतकं करून दाराखाली दोन बोटं फट ठेवली तर सगळं पाण्यात, दाराला खालून रबराची पट्टी मारा.

कोंबड्या घरात का बाहेर, हा प्रश्न लोक विचारत नाहीत पण माझ्या मते सगळ्यात मोठा हाच. आमच्याकडे दहा-बारा गावठी असल्या की रात्री ओसरीत डाल्याखाली नाही तर न्हाणीच्या बाजूला कोंडतात, मांजर-कुत्र्यापासून वाचतात म्हणून. पण त्यांचं सांडलेलं दाणापाणी उंदीर बोलावते, उंदीर साप बोलावते, अन् तिथंच बाजूला आजी झोपलेली. खुराडं घरापासून पंधरा-वीस फूट दूर, चौथऱ्यावर असलं तर हा वनवास कमी होते. नसेलच जागा तर संध्याकाळी दाणे झाडून काढा, अन् अंडी दिवे लागायच्या आधी उचला, सकाळवर ठेवू नका. माणसांनी बाजेवर झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यारपासून मच्छरदाणीइतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही.

पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्यांचा ढीग, जुने कवेलू, इटा, हे सगळं घराच्या अन् खुराड्याच्या भिंतीला टेकवून असते आपल्याकडे. हलवायला एक दिवस अन् दोन माणसं लागतात, पैसा काहीच नाही, पण हलवताना हातात काठी अन् पायात बूट. उंदरांसाठी विषापेक्षा पिंजरा बरा, विषाचे दाणे कोंबडी पहिले खाते.

जनावरांवर भरवसा किती? मांजर उंदीर कमी करते हे खरं, पण कधीकधी अर्धमेला साप तोंडात धरून घरात आणते. कुत्रं भुंकून सांगते पण चावूनही घेते. गिनी कोंबड्या साप दिसला की असा कलकलाट करतात की वावरातून ऐकू यावं, पण शेजाऱ्याशी भांडण नक्की. मुंगूस साप मारते म्हणून त्याला आसरा देणारे पाहिले, त्यांच्या कोंबड्या सापानं नाही, मुंगसानंच संपवल्या. धामण मात्र वावराच्या बाजूला दिसली तर मी राहू देतो. एखादं पिल्लू नेईल, पण कुटाराजवळचे उंदीर तीच संपवते. तुमची दीडशे पिल्लांची ब्रूडिंग, म्हणजे लहान पिल्लं ऊब देऊन वाढवणं, असेल तर हा दिलदारपणा परवडणार नाही, तुम्ही पूर्ण जाळीच करा.

अन् कोणाला चावलाच तर तुलना करत बसायचं नाही. घट्ट दोरी नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही, मांत्रिक नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन, सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस अन् फुरसं या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. मण्यार चावली तर दुखतही नाही फारसं, पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, तेव्हा गॅस झाला म्हणून ओवा खात बसू नका.

माझं स्वतःचं आता असं आहे, खाली पाव इंच, वर अर्धा इंच वेल्डमेश, पऱ्हाट्या वावराच्या धुऱ्यावर, सर्पमित्राचा नंबर कोठ्याच्या दारावर खडूनं. दाराची रबर पट्टी तेवढी उंदरानं कुरतडली आहे, पोळ्याच्या आत पत्र्याची मारतो.