पावती मराठीत होती

उद्यमबागेत मी तेहतीस वर्षं लेथ चालवतोय. आधी दुसऱ्याच्या शॉपमध्ये, आता स्वतःच्या दोन मशीनवर. शतांश मिलिमीटर इकडं-तिकडं झालं तरी जॉब बाजूला काढणारा माणूस मी. त्या मी दोन लाख रुपये एका कागदाकडं नीट न बघता मोजून दिले. कसे दिले ते सविस्तर लिहितो, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली बरीच मंडळी आता बँकॉक-पट्टायाला निघालीत आणि रस्ता तोच आहे.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं आणि निपाणीचे साडू-मेहुणी, असं चौघांनी ठरवलं. चौघांचाही पहिलाच परदेश. पासपोर्ट बेळगावच्या हेड पोस्टातच झाले, पूर्वीसारखं हुबळीला खेटे घालावे लागले नाहीत. राहिला एजंट.

ऑफिस टिळकवाडीत, एका जिन्याखाली. बोर्डावर साठ टक्के कानडी पाहिजे हा नियम आल्यापासून आपल्याकडं बऱ्याच दुकानांवरची मराठी मुंगीएवढी झाली आहे किंवा गेली आहे. या ऑफिसवर मात्र कानडीखाली सुबक मराठी अक्षरं होती. आत महाराजांचा फोटो, खाली ताजा झेंडूचा हार. साडू खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "आपलाच आहे." पोरगा तिशीतला, बोलायला मधाळ. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातली मराठी माणसं निषेधाची काढतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी पट्टी बांधलेले त्याचे फोटो मोबाइलवर होते, तेही दाखवले. आम्ही मागितले नव्हते. दिवसभर तालुका ऑफिसात, बँकेत, बसवर कानडी अक्षरं जुळवत फिरणाऱ्या माणसाला समोरचा घरच्या भाषेत बोलला की कसं हायसं वाटतं, ते सीमाभागात राहणाऱ्यालाच कळेल. तेच हायसं वाटणं त्यानं विकलं.

"कशाला काळजी करतासा ओ काका, मी हाय की." हे वाक्य त्या तासाभरात मी निदान दहा वेळा ऐकलं.

हिशेब असा: चार रात्री, माणशी ४२,००० म्हणजे १,६८,०००. त्यावर जीएसटी ५ टक्के, ८,४००. परदेशी टूरवर सरकार टीसीएस, म्हणजे एजंटमार्फत आगाऊ वसूल होणारा आयकर, घेतं, तो तेव्हा ५ टक्के, आणखी ८,४००. व्हिसा माणशी ५,००० प्रमाणे २०,०००. एकूण २,०४,८००. आणि मग त्यानं पेन खाली ठेवून वरचे ४,८०० सोडले. "घरचं काम हाय." निम्मे रोख, निम्मे यूपीआयवर. यूपीआयला नाव वेगळंच आलं. भावाचं खातं म्हणाला. पावती मात्र झकास. वर 'श्री', खाली वळणदार अक्षरात 'अक्षरी रुपये दोन लाख फक्त'. इतकी देखणी मराठी पावती मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. तिच्यावर जीएसटी नंबर नव्हता, हे मी आठ महिन्यांनी पाहिलं.

१२ नोव्हेंबर २०२४ ला त्यानं हॉटेलची व्हाउचरं दिली. सोबत पाव किलो कुंदा.

डिसेंबरात राणी चन्नम्मानं रात्रभर बेंगळूर, तिथून विमान. घरून शेंगाचटणी, चपात्या, मेतकूट, सगळं होतं. वीस-वीस किलो सामान तिकिटात आहे असं त्यानं सांगितलेलं. काउंटरवर कळलं की फक्त सात किलोची हातातली बॅग. पैसे भरले आणि गप्प बसलो. पहिल्या विमानात कोण भांडतंय?

बँकॉकला उतरल्यावर आम्ही व्हिसाचं काउंटर शोधत फिरलो. एजंटनं चौघांना प्लॅस्टिकच्या पाकिटात एकेक 'व्हिसा लेटर' दिलेलं, शिक्क्यासकट. बायकोनं ते विमानभर पर्समध्ये उलटसुलट करून पाहिलं होतं. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या बाईनं ते उघडलं, एक नजर टाकली, होत्या त्याच घडीवर दुमडलं आणि काचेखालून परत सरकवलं. मग पासपोर्टवर शिक्का मारला. फेब्रुवारीपर्यंतची तारीख. पैसे नाहीत, फॉर्म नाही, काही नाही. भारतीयांना १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडला व्हिसाच लागत नव्हता, आणि २०२४ च्या जुलैपासून तर मुक्काम साठ दिवसांपर्यंत वाढवलेला. आम्ही २०,००० रुपये एका रंगीत प्रिंटाउटचे दिले होते. तिथूनच फोन लावला, तर म्हणतो, "काका, ती सर्व्हिस फी हाय ओ." आम्ही गेलो तेव्हाचा हा नियम. हे नियम बदलत असतात, तेव्हा दूतावासाची साइट स्वतः उघडून बघा. मे २०२५ पासून तिथं जाण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट आहे, पण त्याचेही पैसे घेणारे आहेत.

बँकॉकचं हॉटेल खरं निघालं, म्हणून राग दीड दिवस टिकला नाही. शहर आवडलं, खोटं कशाला सांगू. वाट फो देवळातला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. आपण पायाशी पोचेपर्यंत डोकं विसरायला होतं. पाठीमागच्या भिंतीला १०८ काशाची भांडी ओळीनं ठेवलेली, लोक एकेकात नाणं टाकत पुढं जातात, आणि त्या सगळ्याचा असा टिण-टिण आवाज भरून राहतो की बायको तिथंच मांडी घालून बसली. टॅक्सीचा मीटर ३५ बाथपासून सुरू होतो. मीटर टाकायला नकार दिला की उतरायचं, दुसरी येते. एवढं आम्ही दोन फेऱ्यांत शिकलो.

राजवाड्याच्या भिंतीशी मात्र सापडलो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पन्नाशीचा माणूस. हात जोडून "नमस्ते, इंडिया?" मग मोडक्या इंग्रजीत, आपला भाऊ मुंबईत शिकला म्हणून. आज बुद्धाचा सण, राजवाडा दोन वाजता उघडेल, तोवर तीन देवळं बघून घ्या, सरकारी टुकटुक आहे, फक्त २० बाथ. चौघांना २० बाथ! बेळगावात स्टँडपासून कॅम्पापर्यंत त्या पैशात रिक्षावाला मान वळवत नाही. साडू पुन्हा म्हणाले, "भला माणूस दिसतो." आणि आम्ही बसलो.

एक देऊळ दाखवलं. दुसरं म्हणून जिथं थांबवलं ते खड्यांचं दुकान. थंडगार एसी, थंड पाणी, आणि निर्यातीच्या आठवड्याचा आज शेवटचा दिवस, करमाफी उद्यापासून बंद. साडूंना शनीसाठी नीलम घ्यायचाच होता. निपाणीच्या कुणीतरी सांगून ठेवलेलं. सर्टिफिकेटसकट ९,००० बाथ, म्हणजे बावीस हजारांच्या वर. मला काहीतरी खटकत होतं. पण साडू तो साडू, त्यांच्या खिशात आपण कसा हात घालायचा? मी पाण्याचा ग्लास धरून उभा राहिलो. बाहेर टुकटुकवाल्याला दुकानातल्या पोरानं पेट्रोलचं कुपन दिलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरीही हे गिऱ्हाईक आणल्याचं बक्षीस आहे हे ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला राजवाडा उघडा होता. एखादा राजसमारंभ सोडला तर तो रोज उघडाच असतो. तिकीट ५०० बाथ. आदल्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट त्याच भिंतीशी उभा राहून कुणा दुसऱ्याला सण सांगत होता. आमच्याकडं बघून त्यानं पुन्हा हात जोडले!

आत भिंतीवर अख्खं रामायण आहे, १७८ चित्रांत. त्यांचं ते रामकियन. बायकोनं हनुमान लांबूनच ओळखला. रामाला मात्र शोधावं लागलं, कारण तिथला राम हिरवा आहे.

पट्टायाला न्यायला गाडी येणार होती. दीड तास हॉटेलच्या पायरीवर बसलो, गाडी नाही, फोन बंद. शेवटी एक्कमाईच्या स्टँडवरून बसनं गेलो. रात्री आठला हॉटेल. रिसेप्शनवरच्या मुलीनं व्हाउचरवरचा नंबर टाकला, थांबली, पुन्हा टाकला, आणि काही न बोलता स्क्रीन आमच्याकडं वळवला. इंग्रजी आम्हाला बेताचंच, पण 'कॅन्सल्ड' वाचता येतं. बुकिंग १२ नोव्हेंबरचं. रद्द केलेलंही १२ नोव्हेंबरलाच.

ही युक्ती समजून घ्या, कारण व्हाउचर खोटं नसतं. हॉटेलवर पैसे द्यायचे, रद्द केलं तर काही कापायचं नाही, असं बुकिंग नेटवर कुणालाही करता येतं. ते करायचं, खरं व्हाउचर काढायचं, छापायचं, आणि तुम्ही कुंदा खात घरी पोचायच्या आत रद्द करायचं. तुमच्या हातात खरा नंबर असलेला मेलेला कागद उरतो. निघायच्या आठवडाभर आधी हॉटेलला स्वतः मेल करून दोनच गोष्टी विचारायच्या: हे बुकिंग चालू आहे का, आणि पैसे भरलेत का. मला शॉपमध्ये माल पोचला का विचारायला रोज दहा फोन करता येतात, हा एक केला नाही.

दोन खोल्या, दोन रात्री, ५,६०० बाथ पुन्हा आमच्याच खिशातून. समुद्रकाठी जेट-स्की भाड्यानं देतात, तिथं परत आल्यावर जुना ओरखडा दाखवून पैसे उकळायचा धंदा चालतो. काही भारतीय पोरं तिथं अडकलेली पाहिली. पासपोर्टच ठेवून घेतलेला. त्यांना टुरिस्ट पोलिसांचा १९९५५ का ११५५ ते आठवेना. तो ११५५ आहे, लिहून ठेवा. आम्ही काठावर बसून चटणी-चपाती संपवली.

घरी आल्यावर साडूंचा खडा शहापुरातल्या ओळखीच्या सराफाकडं नेला. त्यांनी भिंग लावलं, हुं केलं आणि भिंग माझ्याच हातात दिलं. "तुम्ही लेथवाले ना, बघा." आत बारीक रेषा होत्या, वळलेल्या, एकाआड एक कमानीसारख्या. लेथवर टूल फिरून गेल्यावर जॉबच्या सपाट तोंडावर उमटतात अगदी तशा. जमिनीतून निघालेल्या नीलमात रेषा सरळ असतात; वाकड्या म्हणजे भट्टीत थेंब-थेंब वितळवून वाढवलेला. दगड खोटा नाही म्हणे, घटक तेच, फक्त कारखान्यातला. अशा खड्याची किंमत त्यांनी सांगितली तेव्हा साडू पान आणतो म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत.

टीसीएसचं प्रकरण जुलैत उघडलं. टूरवर भरलेला टीसीएस आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या सीएंनी २६-एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, काढला. त्यात काही नव्हतं. "त्यानं पॅन मागितला होता?" त्यांनी विचारलं. नव्हता. पॅन न घेता टीसीएस भरणार कुणाच्या नावावर? पावती काढून दाखवली, तेव्हा त्यांनीच बोट ठेवलं की जीएसटी नंबरही नाही. म्हणजे दोन्ही मिळून १६,८०० सरकारच्या नावानं त्याच्या खिशात.

ऑफिसात गेलो. महाराज होते, झेंडू होता. त्यानं चहा सांगितला. थोडं-थोडं करून देतो म्हणाला आणि खरंच दोन हप्त्यांत २०,००० दिले. नंतर फोन उचलणं बंद. वकिलाची नोटीस गेल्यावर मात्र स्वतःहून घरी आला. बायकोला काकू काकू करत म्हणाला, "आपल्यातलं भांडण तिथं नेऊन कानडीत मांडायचं का काका? लोक हसतील." अजूनही, खरं सांगतो, क्षणभर मी विरघळलो. बायको नाही विरघळली. तिनं दार उघडं धरलं, तो जाईपर्यंत.

तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, म्हणून कुणी गप्प बसला असाल तर तारखा मोजा. कागद जमवताना वकिलांनी यूपीआयची नोंद, व्हाउचरं, ते व्हिसा लेटर, पट्टायाच्या हॉटेलची बिलं, सगळं घेतलं. पावती बराच वेळ हातात धरली आणि म्हणाले, ही मराठीत आहे, हिचं भाषांतर करून जोडावं लागेल. त्याचे सहाशे रुपये वेगळे.