नानांच्या रेकॉर्डी: ठेवाव्यात की मार्गी लावाव्यात?

भुसावळचं वडिलांचं घर विकायला काढलं तेव्हा माळ्यावरून तीनशे चाळीस रेकॉर्डी खाली आल्या. नाना रेल्वेत होते. पासवर मुंबईची फेरी झाली की येताना पिशवीत दोन-तीन तबकड्या असायच्याच. ढीग बघून शेजारच्या आप्पांनी निकाल दिला, "दी टाक ना भाऊ भंगारवालाले, घर तरी मोकळं व्हई." पुण्याहून आलेली ताई म्हणाली, "एकही द्यायची नाही." आपल्या फ्लॅटवर मात्र ती एकही न्यायला तयार नव्हती. तुमच्याकडे असाच तंटा चालू असेल तर माझा दोन वर्षांचा अनुभव उपयोगी पडेल. मी थोड्या ठेवल्या, बऱ्याच दिल्या आणि दोन्हीकडे चुका केल्या.

सगळ्या ठेवायच्या की सगळ्या द्यायच्या, असं धरून बसलात तर फक्त भांडण होतं. आधी ढीग फोडा. आमच्याकडे साधारण १२० तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या निघाल्या: दहा इंची, लाखेच्या, एकेक पाव किलोच्या आसपास, हातातून सुटली की तुकडे. दीडशे सात इंची ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या. उरलेल्या सत्तर बारा इंची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या. या तिन्हींचा हिशेब वेगळा आहे. आम्ही मात्र तो एकाच वहीत मांडत बसलो होतो.

उन्हाळा

ठेवायचं म्हणाल तर खान्देशात पहिली गाठ मे महिन्याशी. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तो सावलीत. पत्र्याखालच्या किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर काय होत असेल ते तिथे दुपारी पाच मिनिटं बसून बघा. एलपी-ईपी प्लॅस्टिकच्या. उष्णता आणि वर वजन असं दोन्ही मिळालं की त्या वाकतात. नानांनी सगळ्या आडव्या, एकावर एक रचून ठेवल्या होत्या. तळाच्या अकरा एलपी पापडासारख्या झाल्या होत्या आणि त्यातली एकही पुढे धड वाजली नाही.

म्हणून ठेवायच्या तर उभ्या, पुस्तकांसारख्या, फार दाबून न बसवता, आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. जुनं धाब्याचं घर अजून शाबूत असेल तर तुम्ही नशीबवान, मातीचं छत उन्हाला बरंच अडवतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट असेल तर माझं मत सरळ आहे: मोजक्याच ठेवा. आणि कूलरच्या खोलीत तर ठेवूच नका. आपण गार वाऱ्याखाली खूश असतो, पण त्या ओल्या हवेने पुठ्ठ्याच्या कव्हरांवर बुरशी धरते. हे मला दुसऱ्या उन्हाळ्यात कळलं, तोवर पंधरा-वीस कव्हरं ठिपक्यांनी भरली होती.

लाखेच्या तबकड्या उन्हाने त्या मानाने कमी वाकतात, पण जपायला त्याच अवघड. धुतानाही एक लक्षात ठेवा: लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर लावलेला कापूस मी एका तबकडीवर फिरवला, कापूस काळा झाला. आधी वाटलं मळ निघतोय. निघत होतं ते गाणं.

वाजवणार कोण, कशावर?

ठेवणारे लोक इथे स्वतःला फसवतात, मीही फसवलं. नानांचा फिएस्टा प्लेअर होता. आतलं चाक फिरवणारं रबर दगड झालं होतं. जुना रेडिओ मेकॅनिक सापडला म्हणून तो सुरू झाला. नवीन स्वस्त प्लेअर घ्यायला जाल तर बऱ्याच यंत्रांवर ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. ७८ असला तरी सुई वेगळी लागते. लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी लोळत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. चावीच्या ग्रामोफोनच्या स्टीलच्या पिना तर एका बाजूला एक याच हिशेबाच्या, पण तीच पिन पुन्हा पुन्हा वापरली जायची, म्हणून जुन्या तबकड्या दिसायला बऱ्या असल्या तरी आतून झिजलेल्या असतात.

घरात चाळिशीच्या आतलं कुणी आपणहून सुई टेकवतं का, हे बघा. आमच्याकडे नाही. माझा मुलगा कव्हरं बघतो, फोटो काढतो आणि तेच गाणं मोबाईलवर लावतो. त्याला दोष देता येत नाही, मोबाईलवर ते स्वच्छ वाजतं.

मोबाईलवर न मिळणारं काय?

माझ्या मते खरी निवड इथे होते. हिंदी सिनेमाची गाजलेली गाणी कुठेही मिळतात, त्यासाठी ईपीचा ढीग जपायची गरज नाही. कव्हरवर जीव असेल तर चार ठेवा. लाखेच्या तबकड्यांत मात्र वेळ घालवा. त्यांत कीर्तनं असतात, पोवाडे असतात, विनोदी संवाद असतात, आता कुणाला आठवत नाहीत अशा गायकांची नाट्यपदं असतात. लेबल वाचा. यंग इंडिया, ओडियन अशी जुन्या रेकॉर्ड कंपन्यांची नावं दिसली तर त्या तबकड्या बाजूला काढा. नुसत्या प्रसिद्ध नावावर जाऊ नका. बालगंधर्वांचा लहानपणीचा काही काळ जळगावात गेला, म्हणून आमच्याकडे त्यांच्या तबकडीला जास्तच माया. पण त्यांच्या तबकड्यांचा खप मोठा होता, घरोघरी झिजेपर्यंत वाजल्या. भाव लावणारा माणूस ती झीज बघतो, आपली माया नाही.

आमच्या १२० पैकी अठ्ठावीस तबकड्या अशा निघाल्या की त्यावरचं गाणं किंवा भाषण मला कुठेच सापडलं नाही.

द्यायच्या तर कुणाला?

भंगारात नको, एवढंच आप्पांना म्हणालो. पहिला व्यापारी घरी आला, गोड बोलला आणि सगळ्या लॉटला नगामागे एकच भाव सांगितला. पैसे देताना मात्र त्याच भावाने निवडक तीस उचलल्या आणि "बाकीच्या नंतर नेतो" म्हणाला. तो नंतर कधी उगवला नाही. चूक माझी: यादी नव्हती. यादी म्हणजे गाण्याचं नाव, गायक, लेबलवरचा क्रमांक, तबकडीची अवस्था आणि दोन्ही बाजूंचा फोटो. हे हातात असेल तर मुंबईच्या चोरबाजारातला माणूसही सरळ बोलतो. डिस्कॉग्ससारख्या संकेतस्थळावर तीच रेकॉर्ड खरोखर कितीला विकली गेली ते दिसतं. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यातलं अंतर बघून पहिल्याच दिवशी माझे पाय जमिनीवर आले.

एकेक करून विकलं तर पैसे जास्त मिळतात, पण एलपीला कडक पुठ्ठा, लाखेच्या तबकडीला दुप्पट पुठ्ठा आणि तरी कुरिअरमध्ये फुटण्याची भीती. ईपी मी लॉटने दिल्या, एलपी एकेक. आज पुन्हा करायचं झालं तरी असंच करीन.

संस्थेला द्यायचं मनात असेल तर आधी यादी पाठवा, गाडी नंतर. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ जुनी कागदपत्रं सांभाळतंय. रेकॉर्डींसाठी मला मुंबईकडे बघावं लागलं. तिथे १९९० मध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे आणि या विषयातल्या लोकांची ओळख तिच्यामुळे होते. एक सरळ प्रश्न कुठल्याही संस्थेला विचारा: तुम्ही या ऐकण्याजोग्या कराल का? नुसत्या कपाटात जाणार असतील तर कपाट आपल्याकडेही आहे.

मधला मार्ग, पण फुकटचा नाही

"कॉपी करून ठेव आणि दे टाकून," असं पुतण्या म्हणाला. बरोबर आहे, फक्त वेळेचा हिशेब करा. तबकडी तिच्याच वेगाने वाजते. १२० लाखेच्या, दोन्ही बाजू मिळून साधारण साडेसहा मिनिटं धरा: तेरा तास. दीडशे ईपींचे बत्तीस-तेहतीस. सत्तर एलपींचे सेहेचाळीसच्या पुढे. म्हणजे नुसतं वाजवायला ब्याण्णव तास. रोज संध्याकाळी एक तास आणि वीज असेल असं धरलं तर तीन महिने. ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आवाज मूळ दर्जात साठवा, एमपीथ्री नंतर केव्हाही करता येतं. मी फक्त ती अठ्ठावीस केली, तीन तासांत झाली. बाकीच्यांवर वेळ घालवला नाही आणि पश्चात्तापही नाही. नेटवर टाकायचा विचार असेल तर कायदा लक्षात घ्या: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो, गीतकार आणि संगीतकाराचा हक्क वेगळा आणि तो त्यांच्या निधनानंतर साठ वर्षं.

आता आमच्या फडताळात एक्केचाळीस उरल्यात: अठ्ठावीस लाखेच्या, बारा एलपी, आणि शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची एक. केसरबाईंचं 'जात कहाँ हो' १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेलं. त्या तबकडीला भुसावळचा मे महिना काढावा लागत नाही, एवढं खरं. आमच्याकडची तबकडी दुर्मीळ नाही, झिजलेली आहे, कॉपी नेटवर आहे, माझ्याच नियमाने ती जायला हवी होती. ताई म्हणते मला दे. पण तिच्या हॉलला पश्चिमेची खिडकी आहे आणि शोकेस नेमकं तिच्याखाली.