सोशल मीडिया मार्केटिंगची सहा महिन्यांची सेवा: एका चादर-दुकानदाराचा अभिप्राय

नवी पेठेतील आमच्या चादर-टॉवेलच्या दुकानासाठी सोलापुरातीलच एका डिजिटल मार्केटिंग संस्थेची सेवा आम्ही सहा महिने घेतली. तक्रार त्या संस्थेपेक्षा अशा पॅकेजच्या पद्धतीबद्दल अधिक असल्याने नाव देत नाही. दरमहा तीस पोस्ट, सणावारांच्या शुभेच्छा आणि महिनाअखेर अहवाल असा करार होता, आणि ठरलेले सारे त्यांनी वेळेवर दिले, हे आधी नोंदवले पाहिजे.

अडचण त्या तीस या आकड्यातच होती. टाकलेली पोस्ट टाकल्या क्रमाने सर्वांना दिसायची, ती रीत इन्स्टाग्रामने २०१६ मध्येच सोडायला घेतली. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनेही आप्तमित्रांच्या पोस्टना अग्रक्रम देण्याचे आणि दुकाने, संस्था यांच्या पानांचा वाटा घटवण्याचे जाहीर केले. पोस्ट कोणाला दाखवायची हे अल्गोरिदम, म्हणजे त्या माध्यमाची संगणकीय निवड-पद्धत, ठरवत असताना संख्येवर दर लावणे म्हणजे किती पत्रके छापली ते मोजायचे आणि वाटली किती, हे विचारायचेच नाही. संक्रांतीला आमच्या पानावर आलेले तिळगुळाचे चित्र समोरच्या मिठाईवाल्याच्या पानावरही होते. बदलले होते ते फक्त बोधचिन्ह.

दुसऱ्या महिन्यात ‘तीन मित्रांना टॅग करा आणि चादर जिंका’ ही स्पर्धा झाली. अशा रीतीने प्रतिसाद उकळणाऱ्या पोस्ट मागे ढकलण्याचे धोरण फेसबुकने डिसेंबर २०१७ पासूनच जाहीर केलेले आहे. स्पर्धा सुचवणाऱ्या संस्थेला ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसण्याचेच पैसे आपण देत आहोत, हे मला फार उशिरा कळले.

चौथ्या महिन्यात मात्र त्यांच्याकडील एक तरुण छायाचित्रकार अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात आला. जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रणेची, छिद्रांची कार्डे एकामागून एक सरकत आहेत आणि चादरीवर मोर ओळीओळीने उमटत आहे, एवढेच त्याने टिपले. वर गाणे न घालता मागाचा खडखडाट तसाच ठेवला. त्या रीलने आधीच्या सर्व पोस्टना मागे टाकले. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले होते की, लोक किती वेळ पाहतात, किती जण पसंती देतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात या तीन गोष्टींना सर्वाधिक वजन असते, आणि आपल्याला न ओळखणाऱ्यांपर्यंत पोहोचताना ‘पाठवणे’ विशेष मोलाचे ठरते. मोर पूर्ण होईपर्यंत कोणी बोट सरकवत नव्हते, आणि सोलापूर सोडून गेलेली माणसे ते घरच्यांना पाठवत होती. पुण्याहून, हैदराबादेहून पार्सलची विचारणा आली.

गल्ल्यावरची गर्दी मात्र वाढली नाही, कारण अल्गोरिदम आवडीनुसार माणसे शोधतो, पेठेनुसार नव्हे. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावर जिल्हाभरातून माणूस लोटतो. त्या दिवसांत केवळ शहर आणि आसपासच्या तालुक्यांपुरती सशुल्क जाहिरात लावता आली असती, तशी सोय फेसबुक-इन्स्टाग्रामवरच उपलब्ध आहे. आमच्या वाट्याला यात्रेच्या शुभेच्छा आल्या. पोच का कमी, असे विचारल्यावर संस्थेने पंचेचाळीस पोस्टचे पॅकेज सुचवले!

काम नेटके आणि वागणूक नम्र. तरीही पाचपैकी अडीच गुणच देतो, आणि त्यातील दोन त्या मोराचे आहेत. नव्या करारासाठी महिन्याला सहा रील, सर्व कारखान्यातील किंवा दुकानातील, आणि गड्ड्याच्या काळात फक्त स्थानिक जाहिरात, असे आम्ही कळवले. त्यांचा होकार आला आहे. दिवाळीच्या शुभेच्छांची एक पोस्ट तेवढी राहू द्यावी, असा त्यांचा आग्रह आहे.